मागे कोण बोलतंय?

"मागे कोण बोलतंय?" खातू सर एकदम ओरडले आणि माझ्या हातातला माइक टेबलावर आदळला.

मी दचकून मागे बघितलं. मागे कोणीच नव्हतं. कॉम्प्युटर लॅबमध्ये आम्ही दोघंच होतो. आवाज येऊ नये म्हणून पंखे बंद, खिडक्या बंद. दाराशी स्टुलावर सुलभाकाकू, सरांच्या पत्नी, गरम पाण्याचा थर्मास मांडीवर घेऊन बसल्या होत्या. त्या मात्र जराही दचकल्या नव्हत्या.

"काय झालं सर?"

"काय व्हायचंय? रेकॉर्ड झालं का बघ."

"तुम्ही ओरडलात ते?"

"हो, तेच. ह्या स्लाइडला वाळूच्या चाळण्यांचा तक्ता येतो. तक्ता आला की मागची बाकं बडबडायला लागतात. दरवर्षी लागतात. तुझ्या वर्षीही लागायची, आणि त्यात तू असायचीस, तोडणकर."

ते खरं होतं. त्यांच्याच हाताखाली मी डिप्लोमा केला, पुढे डिग्री करून त्याच पॉलिटेक्निकमध्ये तासिका तत्त्वावर शिकवायला लागले, तरी सरांच्या लेखी मी मागच्या बाकावरची तोडणकरच होते. सिव्हिलच्या दुसऱ्या वर्षाला ते काँक्रीट शिकवायचे. हा विषय आमच्या कॉलेजात दुसऱ्या कोणी शिकवल्याचं कोणाला आठवत नव्हतं. रत्नागिरीत नवी इमारत उभी राहिली की सर जाता-येता तिच्या खांबावर टिचकी मारून बघायचे.

आणि आता त्यांच्या घशात कॅन्सर निघाला होता. पुढच्या आठवड्यात मुंबईला ऑपरेशन होतं आणि त्यात स्वरयंत्रच काढून टाकणार होते. सर वाचतील, पण बोलू शकणार नाहीत, असं डॉक्टरांनी स्पष्ट सांगितलं होतं.

आमच्या प्राचार्यांनीही तितकंच स्पष्ट सांगितलं होतं, "खातू, बरे होऊन या. स्टोअरला माणूस लागतोच आहे."

स्टोअरचं नाव ऐकल्यावर सरांनी मला गाठलं. "त्या तुझ्या पॉवरपॉइंटमध्ये आवाज घालता येतो म्हणे?"

"येतो की. प्रत्येक स्लाइडला आपलं आपलं बोलणं जोडायचं. स्लाइड आली की बोलणं सुरू होतं, संपलं की पुढची स्लाइड आपोआप येते."

"मग माझं सगळं काँक्रीट त्यात भर. मी वर्गात उभा राहीन, फळ्यावर लिहीन, काँक्रीटच्या चाचणीचा पत्र्याचा कोन उचलून दाखवीन. बोलायचं काम ते करील. प्राचार्यांना काय, वर्ग चालल्याशी मतलब."

म्हणून आम्ही कॉलेज सुटल्यावर रोज लॅबमध्ये बसत होतो. काम तसं सोपं होतं. माइकच्या चिन्हावर टिचकी, बोलणं, पुन्हा टिचकी. स्लाइडच्या कोपऱ्यात कर्ण्याचं छोटं चित्र उमटलं की समजायचं, आवाज आत गेला. पण सरांबरोबर कुठलंच काम सोपं नसायचं. त्यांना खोकला आला की मी पुन्हा घेऊ म्हणायची, तर ते म्हणायचे, "राहू दे. मी शिकवताना खोकतोच." त्यांनी आपले ठरलेले विनोद घातले, विनोदानंतर मुलांना हसायला वेळ सोडला, "लिहून घ्या" म्हणून लिहायला वेळ सोडला. त्या वेळात ते माझ्यासमोर हाताची घडी घालून गप्प उभे राहायचे, जणू समोर साठ मुलं माना खाली घालून लिहितायत. आणि प्रत्येक धड्यात, जिथे मुलं हमखास बोलतात तिथे, एकदा तरी ओरडायचे.

मला ते बघवायचं नाही. माझे वडील मी शाळेत असतानाच गेले होते, आणि माझ्यावर हक्काने ओरडणारं त्यानंतर सर सोडून कोणी राहिलं नव्हतं.

एकदा सर हात धुवायला गेले तेव्हा मी काकूंना विचारलं, "काकू, तुम्हाला ह्याची एक सीडी करून देऊ?"

"मला? वाळू-सिमेंटचं ऐकून मी काय करू गो?" त्या हसल्या. मग हसू ओसरलं. "नको. आत्ता नको. घरात माणूस गप्प आणि खोक्यातून आवाज, मला नाही सोसवायचं. लागली तर मागीन हो मी तुझ्याकडे."

पाणी आणि सिमेंटच्या प्रमाणाचा धडा सरांनी शेवटी ठेवला होता. सगळ्या विषयाचं सार त्यात आहे असं ते म्हणायचे. पण त्या दिवशी त्यांचा घसा पार बसला होता. दर वाक्याला ते मान दाबून धरत होते, आणि मी पडद्याकडे न बघता त्या मानेकडे बघत होते. शेवटची स्लाइड झाली. सरांनी माइक माझ्या हातात दिला आणि म्हणाले, "चला. भरला खड्डा." त्यांच्या तोंडून मी ऐकलेलं ते शेवटचं वाक्य.

दिवाळीनंतर सर परत आले. गळ्याभोवती पांढरं फडकं, खिशात खडू, आणि हातात लहान मुलांची पाटी. मी कॉम्प्युटर लावून दिला आणि पहिल्या बाकाच्या कडेला बसले.

"नमस्कार मंडळी," सरांचा आवाज भिंतीवरच्या स्पीकरमधून म्हणाला. "आज आपल्याला वाळू चाळायची आहे."

 मुलं स्पीकरकडे बघत होती, मग सरांकडे, पुन्हा स्पीकरकडे. सर फळ्याशी उभे होते. विनोद झाला, कोणी हसलं नाही. विनोदानंतरचा वेळ तसाच रिकामा गेला. आणि मग चाळण्यांचा तक्ता आला.

"मागे कोण बोलतंय?"

कोणीच बोलत नव्हतं. साठ मुलं श्वास धरून बसली होती. शेवटच्या बाकावर गुरव नावाचा एक धिप्पाड मुलगा होता, देवरूखचा. त्याचा चेहरा एवढासा झाला. सरांनी खाली मान घातली आणि खडू नुसताच बोटांत फिरवत राहिले. तास संपेपर्यंत त्यांनी वर बघितलं नाही. मला वाटलं, संपलं.

दुसऱ्या तासाला वेगळंच घडलं. ओलं काँक्रीट कोनातून काढल्यावर किती खचतं, त्या स्लंपच्या आकृतीची स्लाइड आली आणि मागून कुजबुज सुरू झाली. गुरव शेजाऱ्याला मोठ्याने विचारत होता, "काय रे, डब्यात काय आणलंस?"

"मागे कोण बोलतंय?" आवाज कडाडला.

"सॉरी सर!" गुरव उठून उभा राहिला.

सरांनी झर्रकन वळून बघितलं. त्यांना कळलं. आवाज अजून बोलतच होता, "बोलायचं असेल तर बाहेर जा," आणि सरांनी त्या शब्दांवर बरोबर बोट नाचवत गुरवला दम भरला. सगळा वर्ग खो-खो हसला. सरही हसत होते. त्या हसण्याला आवाज नव्हता, पण खांदे हलत होते.

तेव्हापासून तो खेळच झाला. ओरडा कुठे येणार याचा मुलांना अंदाज यायला लागला. त्या सुमाराला मागची बाकं मुद्दाम बडबड करायची, आवाज ओरडायचा, सर हात हलवून, बोट नाचवून साथ द्यायचे, आणि वर्ग हसायचा. सरांचा ओरडा वाया जाऊ नये म्हणून मुलं बोलत होती. इतकी मायाळू बॅच मी पुन्हा पाहिली नाही.

काकू बाजारात भेटल्या तेव्हा म्हणाल्या, "जेवायला लागलेत हो. पाटीवर मुलांच्या गमती लिहून दाखवतात."

मग प्राचार्यांनी तास बघायला येणार असं कळवलं. त्यांना पसंत पडलं तर वर्ग सरांकडे राहणार होता, नाहीतर स्टोअर. सर त्या दिवशी इस्त्रीचा शर्ट घालून आले. धडा होता पाणी-सिमेंटच्या प्रमाणाचा.

प्राचार्य शेवटच्या बाकाशेजारी खुर्ची टाकून बसले आणि त्यांनी मलाही तिथे बोलावलं. त्यामुळे कॉम्प्युटर पुढे टेबलावर आणि मी मागे अशी गंमत झाली. चिंता नव्हती, सगळं आपोआप चालणार होतं. आलेख पडद्यावर आला. सरांनी त्याच्यावर छडी टेकवली.

"आता नीट ऐका," आवाज म्हणाला. बसलेला, घोगरा. "ह्या विषयातली एकच गोष्ट आयुष्यभर लक्षात ठेवा. पाणी वाढवलं, की काँक्रीटची ताकद वाढते. लिहून घ्या."

 ताकद कमी होते. पाणी वाढवलं की ताकद कमी होते, हे गवंड्याच्या पोरालाही ठाऊक असतं. त्या संध्याकाळी थकलेल्या सरांच्या तोंडून उलटं गेलं होतं आणि आम्हा दोघांच्याही ध्यानात आलं नव्हतं.

साठ माना खाली गेल्या. पेनं चालू लागली.

सरांनी छडी आलेखावर आपटली. हात हलवून नाही-नाही केलं. पुढच्या बाकावरच्या मुलीने वर बघितलं, सर हातवारे करतायत हे बघून हसली आणि पुन्हा लिहायला लागली. सरांनी आणखी जोरात हात हलवले. आता चार-पाच जण हसले. ओरडा जवळ आला, सर तयारी करतायत, असं त्यांना वाटलं. सरांनी खडू घेऊन फळ्यावर काहीतरी खरडलं, खडू मोडला.

एकट्या गुरवला शंका आली. तो उभा राहिला. "अरे थांबा रे," तो म्हणाला, "सर काहीतरी सांगतायत..."

"मागे कोण बोलतंय?" आवाज ओरडला. "खाली बस! मी शिकवतोय ना? बाकी कोणाकडे बघायचं नाही. इकडे लक्ष!"

वर्ग हास्यात बुडाला. प्राचार्यही हसले. गुरव खाली बसला. सर हात वर केलेल्या अवस्थेत तसेच उभे होते, आणि स्पीकरकडे बघत होते. मी तो चेहरा विसरू शकले नाही. रस्त्यात कोणीतरी आपलंच नाव सांगत पुढे निघून जावं आणि आपल्याला धावता येऊ नये, तसा तो चेहरा होता.

मी बाकांमधून धडपडत पुढे गेले आणि कॉम्प्युटर थांबवला. सरांनी फळ्यावर लिहिलं : पाणी वाढले की ताकद घटते. मुलांनी खोडलं, दुरुस्त केलं. उरलेला तास सरांनी पुन्हा आवाज लावू दिला नाही. त्यांनी गणित फळ्यावर सोडवलं आणि मुलांनी मुकाट उतरवून घेतलं.

बाहेर आल्यावर प्राचार्य खूष होते. "तोडणकर, फारच छान! एका ठिकाणी काय गडबड झाली ती काढून टाका. ते तुम्ही तुमच्या आवाजात घाला हवं तर. ही फाइल तिन्ही तुकड्यांना लावू. पुढच्या वर्षीही हीच."

"म्हणजे वर्ग सरांकडेच राहिला?"

"वर्ग आवाजाकडे राहिला की. मग त्यांना कशाला उभं करायचं ताटकळत? तब्येत अशी. बसू दे स्टोअरमध्ये आरामात." ते मनापासून, भल्यासाठी बोलत होते. त्याचाच मला जास्त राग आला.

सर माझ्या मागेच उभे होते. त्यांनी सगळं ऐकलं होतं.

दुपारी मी लॅबमध्ये गेले तर सर कॉम्प्युटरसमोर बसलेले. माउस धरायला ते माझ्याकडूनच शिकले होते, अजूनही दोन्ही हातांनी धरत. ते एक-एक स्लाइड उघडत होते, कोपऱ्यातल्या कर्ण्यावर टिचकी मारत होते आणि पुसून टाकत होते. कर्णा जायचा. स्लाइड तशीच राहायची. मग पुढची.

"सर! काय करताय?" मी त्यांचा हात धरला. "सर, दुसरी प्रत नाहीये कुठे. हे गेलं की गेलं."

त्यांनी मान डोलावली. त्यांना माहीत होतं. हात सोडवून घेऊन त्यांनी पाटीवर लिहिलं : तो माझं ऐकत नाही.

मला रडू फुटलं. "काकूंसाठी तरी ठेवा सर. एक धडा ठेवा."

सर थांबले.  पाटी पुसली आणि लिहिलं : ह्यात तिच्यासाठी काही नाही. नुसतं काँक्रीट आणि ओरडणं.

आणि पुन्हा माउस धरला. मी शेजारी बसून राहिले. मला त्यांना अडवता आलं असतं की नाही, कोण जाणे. पण आवाज त्यांचा होता. आपल्या घराला आपणच कुलूप घालावं तसे ते शांतपणे एकेक करत शेवटच्या स्लाइडपर्यंत गेले, फाइल जतन केली, आणि मला खुणेने विचारलं, चहा घेणार?

त्याच संध्याकाळी काकू माझ्या घरी आल्या. दारातच म्हणाल्या, "हर्षला, ती सीडी दे हो करून. मन घट्ट केलंय मी. अगो, मला आज दुपारी त्यांचा आवाज आठवेचना. चेहरा दिसतो, ओठ हलताना दिसतात, पण आवाजच लागेना. फोटो ढीगभर आहेत, आवाज कुठेच नाही."

मी त्यांना आत बसवलं आणि सांगितलं. काकूंनी ऐकून घेतलं. मग "बरं" म्हणाल्या, पदराने तोंड पुसलं, आणि चहा न घेता गेल्या. पुढे इतक्या वर्षांत त्या विषयावर त्या अवाक्षर बोलल्या नाहीत, सरांनाही विचारलं नसावं. पण रस्त्यात भेटलो की त्यांची नजर माझ्या गळ्याशी यायची आणि निघून जायची.

वर्ग माझ्याकडे आला. सर स्टोअरमध्ये बसले, पण थोड्याच दिवसांत प्रॅक्टिकलच्या वेळी लॅबमध्ये येऊन हाताने कोन भरून दाखवायला लागले. त्याला आवाज लागत नाही, हे प्राचार्यांनीही मान्य केलं. निवृत्त होईपर्यंत ते तेवढं करत राहिले.

मी त्याच स्लाइड्स वापरल्या, मुक्या. उजळणीला पहिल्यांदा चाळण्यांचा तक्ता आला तेव्हा मागची बाकं मुद्दाम बोलायला लागली. बोलली, आणि वाट बघत राहिली. स्पीकरमधून काही आलं नाही. हळूहळू बोलणं विरलं.  मला वाटलं, आता येईल. पुढेही प्रत्येक वर्षी, नवी मुलं आली, ज्यांनी सरांना पाहिलंही नव्हतं, तरी त्या-त्या स्लाइडला माझा जीव कानात गोळा व्हायचा. आणि मग कधीतरी तो ओरडा आला. माझ्या तोंडून. आधी खोकला, मग मान किंचित डावीकडे, मग ते तीन शब्द. मी शिकलेला नव्हता, ठरवलेला नव्हता. मुलं दचकली आणि त्यांच्यापेक्षा जास्त मी.

सर गेले त्याला आता बरीच वर्षं झाली. ते गेल्यानंतरच्या जूनमध्ये काकू कॉलेजात आल्या. लॅबच्या कपाटात सरांची पाटी राहिली होती, ती न्यायला. माझा तास चालू होता म्हणून बाहेर व्हरांड्यात बाकावर बसल्या होत्या. मला त्या आल्याचं माहीत नव्हतं. आलेखाची स्लाइड लागली, मागे कुजबुज झाली, आणि मी फळ्याकडे तोंड असतानाच ओरडले.

तास संपला, मुलं गेली. दारात काकू उभ्या. दाराची चौकट धरली होती.

"काकू? कधी आलात? आत या ना."

त्या आत आल्या, पण माझ्याकडे नाही आल्या. बाकांवरून हात फिरवत सरळ मागे गेल्या.

"घरीही असेच ओरडायचे," त्या म्हणाल्या. "रेडिओवर बातम्या लागलेल्या असायच्या आणि मी शेजारणीशी बोलत बसायची मागच्या दारी. अगदी अस्सेच. आधी खोकायचे."

 "काकू, मी मुद्दाम नाही करत. ते येतं."

"माहीत आहे." त्या शेवटच्या बाकावर बसल्या. पिशवी मांडीवर घेतली. "आवाज तुझाच गो. पण ओरडणं त्यांचं."  मग माझ्याकडे न बघता म्हणाल्या, "पुन्हा एकदा ओरडतेस?"

मुद्दाम मला ते कधीच जमलं नव्हतं. तरी मी खडू उचलला. फळ्याकडे वळले. सर उभे राहायचे तशी उभी राहिले आणि वाट बघितली. मागे बांगड्यांचा बारीक आवाज झाला. मला खोकला आला.

"मागे कोण बोलतंय?"

"अहो, मी," काकू म्हणाल्या.